अळीचे डोळे

सासूबाई ओट्याशी उभ्या राहून उलथन्याने पाठ खाजवत होत्या. दांडा हातात, पातं गाऊनच्या गळ्यातून मागे पाठीवर, डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर ब्रह्मानंदी टाळी लागल्याचा भाव. सूनबाई कप विसळायला आत आली आणि दारातच थबकली.

"आई, त्या उलथन्यानं आपण ऑम्लेट उलटतो."

"धुऊन ठेवीन," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

सूनबाईला हसू येणार होतं, पण तेवढ्यात तिची नजर कमरेशी खोचलेल्या गाऊनच्या खाली गेली. सासूबाईंच्या पोटऱ्यांवर लाल पुळ्यांचं पेव फुटलं होतं. घोट्यापासून निघालेल्या पुळ्या गुडघ्याच्या वर वीतभर चढल्या होत्या आणि तिथे रेघ मारावी तशा थांबल्या होत्या.

"आई, पायांना हे काय झालं?"

"डास."

"डास पोहायच्या पोशाखाचा काठ बघून चावतात?"

सासूबाईंनी उलथनं बाहेर काढलं आणि नळाखाली धरलं. "तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. आधी पोहणं बंद करेल, मग विचारेल काय झालं ते."

पोहणं बंद, हे शब्द सूनबाईला परवडणारे नव्हते. सासरे गेल्यावर सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या त्या बसल्याच. जेवायला हाक मारली की जेवायच्या, झोपा म्हटलं की झोपायच्या. एके काळी गॅलरीत उभी राहून समोरच्या इमारतीतल्या तिघींना एकटीने गप्प करणारी बाई, आणि तिच्या तोंडून शब्द निघेना. मुलगा बस चालवायचा, दिवसभर रस्त्यावर असायचा. तो म्हणायचा, जरा वेळ जाऊ दे. सूनबाईला वेळ जाऊ देणं कधी जमलेलं नव्हतं. तिने सासूबाईंना अक्षरशः ओढत गावाबाहेरच्या तळ्यावर नेलं. तिथे सकाळी वयस्क बायकांचा एक घोळका पोहायला शिकायचा. निमित्त गुडघ्यांचं. सुरुवातीला सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून सुनेच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. मग एक दिवस त्यांचे पाय तळापासून सुटले आणि पाठोपाठ तोंडही सुटलं. आता त्या तळ्याच्या मध्यावरच्या खांबापर्यंत जात, जाता जाता बाकीच्यांना हुकूम सोडत, आणि घरी येऊन दोन माणसांचं जेवत. आपल्या हातून एक तरी गोष्ट धड झाली, असं सूनबाईला रोज वाटायचं.

म्हणजे आता या पुळ्याही तिच्याच नावावर.

दुसऱ्या एखाद्या घरात मलम लावून विषय संपला असता. पण सूनबाई आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची, आणि थोडं जास्त माहीत असलेल्या माणसाला सुखाची झोप नसते. प्रयोगशाळेत तिला गोगलबाई म्हणत. तळ्या-डबक्यांच्या पाण्याबरोबर ज्या गोगलगायी येत त्या पाळायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. साळसूद माणसाला आपण म्हणतो, गोगलगाय नि पोटात पाय. सूनबाईला ठाऊक होतं, की पाय परवडले. कधी कधी गोगलगायीच्या पोटात अख्खं खटलं नांदत असतं.

ते खटलं पर्णकृमीचं. हा चपटा किडा मोठेपणी कुणाच्या तरी रक्तात आयता बसून खातो आणि अंडी घालतो. अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात आणि त्यांतून केसाळ अळी निघते. तिला तोंडच नसतं, त्यामुळे शिदोरी संपायच्या आत गोगलगाय गाठावी लागते. गाठली, की आत शिरायचं, अंगावरचे केस टाकायचे आणि नुसती पिशवी होऊन पडायचं. त्या पिशवीच्या पोटी मुली होतात, त्याही पिशव्याच. त्या मुलींच्या पोटी मात्र शेपटीवाल्या अळ्यांची फौज. उजेड पडला की ही फौज गोगलगायीतून बाहेर पडते आणि पाण्यात नवा यजमान शोधायला लागते. तो भेटला की कातडीला चिकटायचं, शेपूट बाहेर टाकायची आणि आत.

प्रश्न एवढाच, की यजमान कोण. एका जातीला हवा असतो पक्षी, दुसरीला हवा असतो माणूस. दोघींच्या शेपटीला टोकाशी दोन फाटे. फरक डोळ्यांत. पक्ष्यांवर जगणारीला डोळ्यांचे दोन काळे ठिपके असतात, माणसांवर जगणारीला नसतात. पक्ष्यांची अळी चुकून माणसात शिरली तर कातडीतच मरते, चार दिवस खाज सुटते आणि विषय संपतो. माणसांची अळी मरत नाही. ती रक्तातून फिरत फिरत यकृतापर्यंत जाते आणि तिथे वाढते. त्यावर औषध आहे, नाही असं नाही. पण सासूबाईंचं यकृत तरुणपणीच्या काविळीने आधीच अर्धमेलं केलं होतं. साध्या तापाची गोळी लिहितानाही त्यांच्या डॉक्टरांचा हात अडखळायचा. या भागात माणसांवरची जात आजवर सापडली नव्हती, हे खरं. पण आजवर सापडली नाही म्हणजे उद्या सापडणार नाही, असं कुणी लिहून दिलंय?

तिने त्याच दिवशी जाळं घेऊन तळं गाठलं. पायऱ्यांजवळच्या पाणवनस्पतींतून गोगलगायी गोळा केल्या आणि प्रयोगशाळेत प्रत्येकीला वेगळ्या ग्लासात स्वच्छ पाण्यात ठेवलं. ग्लास आधी काळ्या कापडाखाली झाकायचे, मग दिव्याखाली मांडायचे, अशी ती पद्धत. अंधारातून उजेडात आलं की आतल्या अळ्यांना वाटतं सकाळ झाली.

बराच वेळ काही दिसेना. मग खिडकीकडच्या ग्लासात पाणी किंचित गढुळल्यासारखं वाटलं. सूनबाईने थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. शेपूट, आणि शेपटीला दोन फाटे. अळ्या वळवळत होत्या, गिरक्या घेत होत्या, एका जागी क्षणभर ठरत नव्हत्या. त्यांना थोपवायला आयोडीन घालतात. तिने घातलं. अळ्या जागच्या जागी थांबल्या, तपकिरी झाल्या, आणि ती डोळे शोधायला लागली.

डोळे नव्हते. दुसऱ्या थेंबात नव्हते, तिसऱ्यातही नव्हते. तिने भिंग पुसलं, चष्मा पुसला, परत बघितलं. तपकिरी अंग, तपकिरी डोकं, ठिपका म्हणून कुठे नाही. तिने काचपट्टी जपून बाजूला ठेवली. प्रयोगशाळेच्या मॅडम बैठकीला बाहेरगावी गेल्या होत्या, उद्या सकाळी येणार होत्या. शहाण्या माणसाने त्यांना दाखवेपर्यंत तोंड शिवून ठेवलं असतं. सूनबाईनेही तसंच ठरवलं होतं. पण ठरवणं एक आणि सासूबाईंसमोर जेवायला बसणं एक.

"तोंडाचा चंबू का झालाय?" सासूबाईंनी पहिल्याच घासाला विचारलं.

"काही नाही. दमले."

"दमलीस की तुझं वेगळं तोंड होतं. हे ते नाही. माझ्या पायांचं काही कळलं?"

आणि सूनबाईने सांगून टाकलं. सांगताना ती घाई करत होती, गोळ्या असतात, बघू, मॅडम येऊ देत, असं मध्ये मध्ये पेरत होती. सासूबाई जेवत जेवत ऐकत होत्या. पिशवीच्या पोटी मुली आणि मुलींच्या पोटी अळ्या इथवर आल्यावर त्यांनी हात थांबवला.

"यात बाप कुठे आहे?"

"बाप लागत नाही. पिशवी एकटीच मुली काढते."

"म्हणजे सासरा नाही, सासू नाही. मजा आहे." त्या पाणी प्यायल्या. "आणि हे बिऱ्हाड माझ्या यकृतात यायचंय म्हणतेस. तिथे आधीच गळकं छप्पर, त्यांना सांगितलंय का कुणी?"

"आई, थट्टा नको."

"मग काय करू, रडू?"

त्या रडल्या नाहीत. ताट उचलून ठेवलं, दोरीवरचा पोहायचा पोशाख काढला, नीट घडी केली आणि कपाटावर वरच्या बाजूला, जिथे हात पोचायला स्टूल लागतं तिथे, ठेवून दिला. सूनबाईने ते पाहिलं आणि तिला स्वतःच्या कानफटात मारून घ्यावीशी वाटली. सकाळी ती कामाला निघाली तेव्हा सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर. येते हं, असं सूनबाई म्हणाली. त्यांनी मान हलवली, पण वळून पाहिलं नाही.

मॅडम आल्या तेव्हा सूनबाई दारातच उभी होती. मॅडम उंच, सावकाश बोलणाऱ्या बाई. प्रयोगशाळेला आग लागली तरी आधी चप्पल नीट ठेवतील अशा. त्यांनी पर्स ठेवली, हात धुतले, सगळं ऐकून घेतलं आणि काल जपून ठेवलेल्या काचपट्टीवर डोळा लावला. सूनबाई त्यांच्या खांद्यामागे उभी राहून श्वास मोजून घेत होती.

"हं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पट्टी जराशी सरकवली. मग, "आयोडीन किती घातलंस?"

"एक थेंब."

मॅडमनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"दोन असतील," सूनबाई म्हणाली. "मी घाईत होते. कदाचित जास्तच पडलं."

"अगं, कडक चहात कपाचा तळ दिसतो का? अळी आख्खी तपकिरी करून टाकलीस. त्यात काळे ठिपके असले तरी दिसणार कसे?"

 हे सूनबाईला माहीत होतं. नव्याने येणाऱ्यांना ती स्वतः सांगायची, की आयोडीन जपून, डोळे झाकले जातात. पण त्या येणाऱ्यांपैकी कुणाची सासू तळ्यात पोहत नव्हती.

"ताजा थेंब घे," मॅडम म्हणाल्या. "काही घालू नकोस. दमतील त्या आपोआप."

काळं कापड निघालं, दिवा लागला. मॅडम शांतपणे टपाल वाचत बसल्या. सूनबाई ग्लासांपुढे अशी बसली होती, जणू परीक्षेचा पेपर वाटायला अजून अवकाश आहे. शेवटी एका ग्लासात धूसर काहीतरी हललं. तिने थेंब उचलला, वर पातळ काच ठेवली आणि डोळा लावला. अळ्या गिरक्या घेत होत्या. थेंब कडेने सुकत आला तशी त्यांची जागा आखडत गेली, एक मंदावली, दुसरी मंदावली. तिसरी तिच्या नजरेच्या बरोबर मध्यावर येऊन थांबली आणि नुसती थरथरत राहिली.

डोक्याच्या अलीकडे, शेजारी शेजारी, दोन काळे ठिपके.

"मॅडम," ती म्हणाली, आणि सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाली.

मॅडमनी बघितलं. "आहेत की. चांगले टपोरे आहेत."

सूनबाई तिथेच टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. आयुष्यात तिला बरीच सुखं मिळाली होती. लग्न मनासारखं झालं होतं, नोकरी मनासारखी होती. पण छातीवरून धोंडा उतरतो म्हणजे नेमकं काय होतं ते तिला या घटकेला कळलं. मॅडमनी सूक्ष्मदर्शक हळूच बाजूला ओढून घेतला. "भिंगावर नको. पुसायला त्रास होतो," त्या म्हणाल्या, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

नंतर त्यांनी तिला ज्या ज्या ग्लासात अळ्या होत्या तो प्रत्येक ग्लास तपासायला लावला. सगळ्यांना डोळे होते. मॅडमनी सगळं स्वतःही पाहिलं आणि मगच म्हणाल्या, "बदकांची जात आहे. पायऱ्यांजवळ एवढी बदकं का जमतात ते बघा, आणि पोहून आल्यावर लगेच अंग कोरडं करायला सांग. उथळ भागात रेंगाळायचं नाही. बाकी काही नाही. आणि आता घरी जा, इथे तुझा काही उपयोग नाही आज."

सूनबाई घरी चालत गेली नाही, पळत गेली. जिना चढताना तिला धाप लागली, किल्ली कुलपात शिरेना, शेवटी दार आतूनच उघडलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. सुनेचा रडून लाल झालेला चेहरा पाहून त्यांनी दाराची चौकट धरली.

"बोल," त्या म्हणाल्या.

"डोळे आहेत, आई."

"कुणाला?"

"अळीला. मीच चुकले. औषध जास्त घातलं, म्हणून दिसले नाहीत. ती बदकांची अळी आहे. माणसात जगत नाही, कातडीत शिरली की मरते. तुम्हाला काही झालेलं नाही. काही होणार नाही."

सासूबाईंनी चौकट सोडली नाही. "नीट बघितलंस? की आज औषध कमी घातलंस म्हणून नसलेले दिसले?"

"मॅडमनी बघितले. एकूण एक ग्लास बघितला."

"मग ही खाज?"

"तुमचं अंग त्यांना मारतंय, म्हणून खाज. जितकी जास्त खाज, तितका तुमचा मार जबरदस्त."

सासूबाईंनी हे जरा चघळून पाहिलं, आणि त्यांना ते आवडलं असावं. मग कपाळाला आठी पडली. "म्हणजे त्या मेल्यांनी मला बदक समजून धरलं?"

"त्यांना काय कळतंय. पाण्यात पाय दिसले की झालं."

"या वयात हेही ऐकायचं होतं."

"पण आई, पायऱ्यांजवळ एवढी बदकं येतात कशी? कुणी खायला घालतं का?"

सासूबाई एकदम गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघायला लागल्या. टॉवेल वाळला असेल, म्हणाल्या. सूनबाई समोरून हलली नाही.

"कालचा पाव उरतो," त्या शेवटी म्हणाल्या. "टाकून द्यायचा का? तू आणतेस गरजेपेक्षा जास्त. मी नेते थोडा. ती बिचारी वाट बघत असतात."

"म्हणजे पाव तुम्ही घालायचा, त्यांनी तिथेच घाण करायची, ती गोगलगायींना लागायची, आणि तिथून परत तुमच्या पायाला."

"बघ की. करायला गेलो काय..." सासूबाईंना पुढचं बोलवेना. त्या हसायला लागल्या. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवत, मग चौकटीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सूनबाईही हसत होती, आणि मधेच तिच्या लक्षात आलं, की सासूबाईंचं हसणं थांबलंय आणि पाणी थांबलेलं नाही. तिने त्यांना धरून आत आणलं आणि पलंगावर बसवलं. 

"घाबरले होते गं मी," सासूबाई म्हणाल्या. त्या कधी असं बोलत नसत. "तुझ्यापुढे नुसती थट्टा केली. पूर्वी जायचं म्हटलं असतं तर गेले असते, त्या खुर्चीत बसल्या बसल्या. आता नको वाटतं. आता कुठे मला मधल्या खांबापर्यंत न थांबता जाता येतंय."

"माझ्यामुळे झालं. मी आधी नीट बघायला हवं होतं. तुम्हाला उगाच एक आख्खी रात्र..."

"हो, तुझ्यामुळेच झालं," सासूबाई म्हणाल्या. "पाण्यात तूच ढकललंस ना मला? मग खांबापर्यंत जातेय तेही तुझ्यामुळेच. गप्प बस आता." त्यांनी सुनेचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला. बाहेर कुणीतरी जिना धूत होतं, बादलीचा आवाज येत होता. 

"एक घोटाळा करून ठेवलाय मी," सासूबाई जरा वेळाने म्हणाल्या.

"कसला?"

"काल झोप लागेना, तर ह्यांच्याशी बोलत होते. म्हटलं, येतेच आहे आता, फार दिवस नाहीत. अगदी कबूल करून बसले. आता परत सांगावं लागणार, एवढ्यात जमत नाही म्हणून."

"बाबा रागावतील," सूनबाई डोळे पुसत म्हणाली.

"रागावू देत की. जन्मभर ताट वाढून मी त्यांची वाट बघितली. आता थोडी त्यांनी बघावी."